सीताअशोक लावणाऱ्या नवख्यासाठी

कोल्हापुरातल्या परसात सीताअशोक लावायचे तुम्ही ठरवले, याचा मनापासून आनंद झाला. औषधासाठी साल ओरबाडली गेल्यामुळे सह्याद्रीच्या सदाहरित जंगलांतून हे झाड विरळ होत चालले आहे आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद असुरक्षित (व्हल्नरेबल) प्रजातींमध्ये आहे.

पहिली खबरदारी खरेदीची. रोपवाटिकेत नुसता ‘अशोक’ मागितल्यास बहुधा कुंपणाशी लावतात तो सरळसोट, नागमोडी कडांच्या सुट्या पानांचा वृक्ष हाती येतो. सीताअशोकाचे पान संयुक्त असते, म्हणजे एका देठावर पर्णिकांच्या जोड्या असतात, आणि त्याची केशरी फुले जुन्या खोडावरही गुच्छाने येतात. राधानगरीच्या अभयारण्यातून रोप उपटून आणणे हा गुन्हा आहे; तो विचारही करू नका.

बियांपासून सुरुवात करणार असाल, तर पावसाळ्यात शेंगेतून निघालेले टपोरे, तपकिरी बी ताजे असतानाच पेरा. ते सुकले की उगवत नाही, त्यामुळे पुडीत जपून ठेवण्यात अर्थ नाही.

नवी पालवी तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारी असते. ती पाहून रोप कोमेजले असे समजून नवखे लोक भरमसाट पाणी घालतात, आणि आपल्याकडच्या काळ्या जमिनीत मुळे कुजतात. माती ओलसर राहावी, पाणी मात्र साचू नये. पहिली काही वर्षे आंब्या-फणसाची सावली मिळाली, तर एप्रिल-मेच्या उन्हात रोप तग धरते.

कलमे आणि खतांचे तपशील सध्या बाजूला ठेवा. रोप कंबरेएवढे झाले की जरूर विचारा.