वाचकांचे प्रश्न : स्टिरिओ नवा, ॲम्प्लिफायर मूळचाच

गाडीतील ध्वनियंत्रणेविषयी या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला. म्हणून पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे आणि बाकीची पत्रे त्याच्याच आधाराने थोडक्यात निकालात काढली आहेत.

प्रश्न : माझ्या गाडीत कंपनीनेच बसवलेली ध्वनियंत्रणा आहे. समोर स्टिरिओ, डिक्कीतल्या डाव्या पॅनलमागे वेगळा ॲम्प्लिफायर आणि एकूण नऊ स्पीकर. आवाजाबद्दल काहीच तक्रार नाही, पण स्टिरिओचा पडदा बोटाला दाद देईनासा झाला आहे (आवाजाचे बटण तेवढे चालते), म्हणून बाजारातला नवा टचस्क्रीन स्टिरिओ घ्यायचे ठरवले आहे. एक कारागीर म्हणतो की मूळचा ॲम्प काढूनच टाका, म्हणजे कटकट मिटेल. दुसरा म्हणतो की आरसीए पिना (स्टिरिओचा कमी पातळीचा सिग्नल ॲम्पकडे नेणाऱ्या गोल पिना) खोचल्या की काम झाले. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही लगेच ऐकू नका. पहिल्याचा सल्ला सरळ वाटतो, पण मूळचा ॲम्प म्हणजे आवाज मोठा करणारी नुसती पेटी नव्हे. कोणत्या स्पीकरला कोणती कंपने द्यायची, ट्वीटरला, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरला, खर्जापासून कसे वाचवायचे, दारातल्या स्पीकरचा पत्र्यामुळे होणारा गुंजारव किती दाबायचा, हे सारे त्याच गाडीच्या आतल्या जागेसाठी ठरवून त्या ॲम्पमध्ये भरलेले असते. तो काढून नव्या स्टिरिओच्या वायरी थेट स्पीकरना जोडल्या, की ही वाटणी करणारे कोणी उरत नाही; ट्वीटरपाशी खर्ज अडवणारा स्वतःचा कपॅसिटर नसेल तर ट्वीटर खर्जाच्या माऱ्याने जळू शकतो आणि वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, बहुधा मुका होतो. शिवाय अशा यंत्रणांतले स्पीकर पुष्कळदा 2 ओहमचे किंवा त्याहूनही कमी रोधाचे असतात, तर बाजारातला स्टिरिओ साधारणपणे 4 ओहमच्या स्पीकरसाठी बनवलेला असतो. कमी रोधाच्या स्पीकरवर तो जास्त करंट ओढतो, तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी अधूनमधून बंद पडतो. खोक्यावर ‘50 वॅट गुणिले 4’ असे ठळक छापलेले असते खरे, पण स्टिरिओच्या अंगचा ॲम्प प्रत्येक स्पीकरला सलगपणे देऊ शकतो ती शक्ती 20 वॅटच्या आसपासच असते. आपल्याला आवाज आवडतो आहे, तर ॲम्प ठेवावा, असेच माझे मत आहे.

दुसऱ्या कारागिराचे म्हणणे कधीकधी बरोबर ठरते, पण ‘कधीकधी’ हा शब्द तो गाळतो. खरा प्रश्न असा आहे की आपला ॲम्प कोणत्या प्रकारचा सिग्नल घेतो आणि आवाज कमी-जास्त करण्याचे काम स्टिरिओ करतो की ॲम्प. ही दोन उत्तरे हाती येईपर्यंत नवा स्टिरिओसुद्धा विकत घेऊ नये. आणि ती मिळवण्यासाठी जुना स्टिरिओ जागेवर आणि चालू असावा लागतो, म्हणून तो आधी काढून ठेवण्याची घाई करू नये.

त्यासाठी डिजिटल मल्टिमीटर, आपल्या गाडीचा वायरिंगचा नकाशा आणि 60 हर्ट्झचा सलग सूर असलेली एक ध्वनिफीत एवढे पुरे. सूर इतक्या खालचा घेण्याचे कारण असे, की साधे मल्टिमीटर एसी व्होल्ट मुख्यतः घरगुती विजेच्या कंपनसंख्येजवळच नीट मोजतात. 1000 हर्ट्झचा सूर लावला तर स्वस्तातला मीटर खुशाल चुकीचा आकडा दाखवतो. डिक्कीतले पॅनल उघडून ॲम्पचे कपलर, म्हणजे वायरींचे गुच्छ जिथे खोचतात ते जोड, पाहा. स्पीकरकडे जाणारा कपलर वेगळा असेल तर तो काढून ठेवावा, म्हणजे चाचणी चालू असताना कानांना आणि स्पीकरना त्रास होत नाही. स्टिरिओकडून येणाऱ्या वायरींचा कपलर मात्र लागलेलाच ठेवून त्याच्या पाठच्या बाजूने बारीक टाचणी घालून मोजणी करावी. शेजारच्या दोन पिना एकमेकींना टेकणार नाहीत याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे, कारण इथेच पुष्कळांचे ॲम्प जातात.

आता नकाशात दाखवलेल्या एका चॅनेलच्या (पुढचा डावा, मागचा उजवा अशा आवाजाच्या एका वाटेच्या) अधिक आणि उणे वायरींमध्ये एसी व्होल्ट मोजत आवाजाचे बटण सावकाश फिरवा. आकडा बटणाबरोबर वाढत गेला आणि बटण बरेच वर नेल्यावरही 1 ते 4 व्होल्टच्या पट्ट्यातच राहिला, तर ॲम्प कमी पातळीचा सिग्नल घेतो. आकडा 5 व्होल्ट ओलांडून पुढे जाऊ लागला, तर जुना स्टिरिओ स्पीकरला देतो तसाच दणकट, म्हणजे स्पीकर पातळीचा, सिग्नल ॲम्पकडे पाठवतो आहे. आकडा दिसतो आहे, पण बटण कितीही फिरवले तरी जागचा हलत नाही, असे झाले तर आवाज ॲम्पच्या आत कमी-जास्त होतो आणि बटण त्याला फक्त डेटा वायरीवरून संदेश पाठवते. आणि कोणत्याच जोडीवर काही दिसले नाही, तर सिग्नल डिजिटल असण्याची शक्यता मोठी. त्याविषयी पुढे एका पत्राच्या उत्तरात लिहिले आहे. त्याच बैठकीत प्रत्येक वायरीचे जमिनीच्या, म्हणजे बॉडीच्या, तुलनेत डीसी व्होल्टही मोजून कागदावर लिहून ठेवावेत. स्पीकर पातळीच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मा, म्हणजे 6 ते 7 व्होल्ट दाब दिसतो. यावरून लक्षात येते की स्टिरिओच्या स्पीकर वायरींतली ‘उणे’ वायर ही अर्थिंग नव्हे, आणि ती बॉडीला टेकवणे म्हणजे स्टिरिओचा आतला ॲम्प हकनाक घालवणे.

जोडणी या निष्कर्षावरून ठरते. ॲम्प स्पीकर पातळीचा सिग्नल घेत असेल तर काम सर्वांत सोपे आहे : नव्या स्टिरिओच्या पांढऱ्या, करड्या, हिरव्या आणि जांभळ्या वायरी, म्हणजे अनुक्रमे पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा आणि मागचा उजवा, त्या त्या चॅनेलला जोडाव्यात, याच रंगांवर काळी रेघ असलेली वायर त्याची उणे. कमी पातळीच्या ॲम्पला मात्र याच वायरी थेट जोडल्या तर 20 वॅटच्या हिशेबाने 4 ओहमवर होणारे सुमारे 9 व्होल्ट त्याच्या तोंडावर आदळतात आणि आवाज अर्ध्यावर नेण्याआधीच तो फाटू लागतो. तिथे आरसीएच वापरावे, किंवा ही पातळी उतरवणारा रोधकांचा ॲडाप्टर मध्ये घालावा. आरसीएची मधली पिन चॅनेलच्या अधिक वायरीला आणि बाहेरचे कडे उणे वायरीला जोडायचे असते. नवा स्टिरिओ निवडताना आरसीएचे व्होल्ट पाहावेत. 4 व्होल्टवाला मिळत असेल तर 2 व्होल्टवाल्यापेक्षा तो घ्यावा. नऊ स्पीकर आहेत म्हणून नऊ जोड्या शोधत बसू नका. ॲम्पला बहुधा दोन किंवा चारच चॅनेल दिलेले असतात, कधी वूफरसाठी एक वेगळा, आणि पुढची वाटणी तो स्वतः करतो.

आवाजाचा आकडा हलत नव्हता अशा गाडीत नुसत्या वायरी जोडून भागत नाही. संदेश मिळाला नाही तर असा ॲम्प मुकाच राहतो किंवा एका ठरावीक पातळीवर अडकून बसतो. तिथे गाडीच्या डेटा वायरीवर बोलणारा, नेमक्या त्याच मॉडेलसाठी आणि उत्पादनाच्या त्याच वर्षासाठी बनवलेला इंटरफेस लागतो. पॅक, मेट्रा, कनेक्ट्सटू यांसारखे उत्पादक असे इंटरफेस बनवतात. तो आपल्या गाडीसाठी निघतो की नाही हे आधी पाहावे, स्टिरिओ नंतर घ्यावा. सीटबेल्टची आणि पार्किंगची पीपपीपही पुष्कळ गाड्यांत याच वाटेने येते, तेव्हा तीही टिकेल ना, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची उणे तार काढावी. सगळे जोडून झाल्यावर नव्या स्टिरिओतले इक्वलायझर सपाट (कुठलाही सूर न वाढवता-घटवता) ठेवून आणि लाउडनेस, म्हणजे खर्ज वाढवणारी सोय, बंद करून एकदा शांतपणे ऐकावे. कंपनीच्या ॲम्पने आवाजाला आपला आकार आधीच दिलेला असतो, त्यावर दुसरा चढवला की खर्ज घुमू लागतो आणि दोष बिचाऱ्या स्टिरिओला मिळतो.

प्रश्न : मूळचा ॲम्प ठेवून नवा स्टिरिओ बसवून घेतला. रेडिओ उत्तम वाजतो, पण ब्लूटूथवर किंवा पेनड्राइव्हवर गेले की आवाज पार बंद. दुकानदार स्टिरिओ बदलून द्यायला तयार आहे. घ्यावा का?

उत्तर : दुसरा स्टिरिओही असाच वागेल. नव्या स्टिरिओच्या गुच्छात दोन निळ्या वायरी असतात : एक निव्वळ निळी, ती विजेवर वर येणाऱ्या ॲन्टेनासाठी, आणि दुसरी पांढऱ्या रेघेची निळी, ती ॲम्पला जागे करण्यासाठी. पुष्कळ स्टिरिओंत पहिलीवर 12 व्होल्ट फक्त रेडिओ चालू असतानाच येतात. आपल्या ॲम्पची रिमोट वायर, म्हणजे त्याला जागे करणारी वायर, त्या पहिलीला जोडली गेली आहे. ती रेघेच्या निळ्या वायरीला जोडून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.

प्रश्न : इंजिन सुरू केले की स्पीकरमधून बारीक शिटी येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. आरसीएने जोडणी केलेली आहे. कारागिराने दोनदा अर्थिंग बदलून पाहिले, तरी ती जात नाही.

उत्तर : सूर इंजिनाबरोबर चढतो म्हणजे शिटी अल्टरनेटरची आहे. स्टिरिओचे अर्थिंग डॅशबोर्डपाशी, ॲम्पचे डिक्कीत. या दोन ठिकाणांमध्ये अल्टरनेटरच्या करंटमुळे काही मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि तो सिग्नलमध्ये मिसळतो. कंपनीचे बरेचसे ॲम्प अधिक आणि उणे वायरींतला फरक तेवढा घेऊन दोन्हींवर सारखीच आलेली घाण टाकून देतात, म्हणून मुळात ही तक्रार नव्हती. पण चारही चॅनेलच्या उणे वायरी एकत्र पिळून बॉडीला टेकवल्या असतील, आणि हा उद्योग घाईच्या कामात फार दिसतो, तर ॲम्पचा तो गुण फुकट जातो. म्हणून आधी ते पाहा. उणे वायर फक्त आपल्या आरसीएच्या कड्याला जोडलेली असावी, दुसरीकडे कुठेही नाही.

तसे नसेल तर आणखी एक चाचणी करावी. शिटी वाजत असताना आरसीएच्या बाहेरच्या कड्यापासून स्टिरिओच्या धातूच्या बॉडीपर्यंत एक सुटी वायर टेकवून धरा. शिटी तत्क्षणी थांबली, तर स्टिरिओतला आरसीएच्या जमिनीच्या वाटेवरचा नाजूक फ्यूज गेलेला आहे. स्टिरिओ चालू असताना आरसीएच्या पिना काढल्या-घातल्या आणि कडे चुकून 12 व्होल्टला लागले, की तो जातो. त्याची दुरुस्ती होते. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी सर्वांत शेवटी वापरावी. शिटी ती घालवते, पण स्वस्तातल्या डबीतला चिमुकला ट्रान्सफॉर्मर जाताना खालचा खर्जही घेऊन जातो.

इंजिन बंद असतानाही, आवाज शून्यावर असताना जी एकसुरी ‘स्‍स्’ ऐकू येते, ती निराळी. ॲम्प गरजेपेक्षा संवेदनशील असल्याने स्टिरिओची मूळची सळसळ वाढवून ऐकवतो. कंपनीच्या ॲम्पला गेनचा, म्हणजे ही संवेदनशीलता कमी-जास्त करण्याचा, पेच बहुधा नसतो, म्हणून मध्ये पातळी उतरवणारा पॅड घालावा लागतो.

प्रश्न : चावी फिरवली की आणि काढली की वूफरमधून ‘धप्प’ असा आवाज येतो. स्पीकर खराब होतील का?

उत्तर : रोज चालले तर वूफरला ते चांगले नाही. ॲम्पची रिमोट वायर बहुधा इग्निशनच्या 12 व्होल्टला जोडलेली आहे, त्यामुळे ॲम्प स्टिरिओच्या आधी जागा होतो आणि स्टिरिओ सुरू होतानाचा धक्का तसाच पुढे ढकलतो. ती वायर वर सांगितलेल्या रेघेच्या निळ्या वायरीवर घ्यावी. तरीही सुरुवातीचा धक्का उरला, तर एक-दोन सेकंदांचा विलंब देणारे छोटे मॉड्यूल मध्ये बसवावे.

प्रश्न : माझ्या गाडीत ॲम्पकडे वायरीऐवजी प्रकाशाची नळी जाते असे कळले. काय करावे?

उत्तर : ती मोस्ट नावाची यंत्रणा आहे. तिच्यात स्टिरिओ, ॲम्प आणि इतर उपकरणे प्लॅस्टिकच्या प्रकाशवाहक तारेने एका कड्यात गुंफलेली असतात. त्यातले एक उपकरण काढले की कडे तुटते आणि सगळीच गप्प होतात. मल्टिमीटर इथे निरुपयोगी. मोस्टची भाषा बोलणारा, त्या गाडीसाठीच केलेला इंटरफेस मिळत असेल तरच हात घालावा, नाहीतर मूळचा स्टिरिओ दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे. ती तार 25 मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वाकवू नये आणि तिच्या टोकाला बोट लावू नये.

प्रश्न : जोडणी मीच केली. शिटी नाही, धप्प नाही, पण आवाज पोकळ लागतो. खर्ज जवळजवळ नाहीच आणि गाणारा नक्की कुठे बसला आहे ते कळत नाही.

उत्तर : बॅलन्स पूर्णपणे डावीकडे न्या, मग पूर्णपणे उजवीकडे. प्रत्येक बाजू एकटी वाजताना खर्ज परत आला आणि दोन्ही एकत्र येताच नाहीसा झाला, तर एका बाजूच्या अधिक-उणे वायरी उलट लागल्या आहेत : एका बाजूचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरीकडचा आत जातो आणि दोघांचा खर्ज एकमेकांना खातो. गाडीच्या मूळ वायरींचे रंग बाजारातल्या स्टिरिओच्या रंगांशी जुळत नसतात. रेघ दिसली म्हणून ती उणे असे धरून चाललात, तिथेच ही अदलाबदल झाली असणार. नकाशा समोर ठेवून संशय असलेल्या एकाच बाजूच्या दोन वायरी बदलून पाहा. दोन्ही बाजूंच्या बदलल्यात, तर पुन्हा पोकळच ऐकू येईल.