डिले आणि ॲडव्हान्स दोन्ही असलेल्या समीकरणाची सममित आवर्ती उकल डीडीई सॉल्व्हरला का सापडत नाही?

सापडणारच नाही. डीडीई सॉल्व्हर म्हणजे डिले समीकरणं सोडवणारा प्रोग्राम; तो मागच्या क्षणांच्या किमती (डिले) घेऊन पुढे सरकतो, आणि ॲडव्हान्स म्हणजे पुढच्या क्षणाची किंमत, ती त्याच्याकडे नसतेच. याच खड्ड्यात मी आठ महिने घालवलेत, म्हणून लिहितोय.

माझं समीकरण होतं क्ष′(त) = क[फ(क्ष(त+१)) − फ(क्ष(त−१))]; त म्हणजे काळ, क स्थिरांक, फ विषम, म्हणजे फ(−क्ष) = −फ(क्ष). मी शहाणपणा करून त+१ चं पद एका बाजूला घेतलं आणि पुढे सरकत गेलो. दर टप्प्याला एक डेरिव्हेटिव्ह खर्च होतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या टप्प्याला आलेख छताला. स्टेप लहान केली की आणखी लवकर फुटायचा.

विभागाच्या सेमिनारमध्ये एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, "समीकरणाला उद्याचं आज कसं कळतं? पंचांग बघतं का?" हशा पिकला, मी गप्प. उत्तर सुचलं ते परतताना लोकलमध्ये. तो उद्या नाहीच, शेजारी आहे! मण्यांची माळ घ्या, प्रत्येक मणी फक्त दोन्ही शेजाऱ्यांकडे बघतो. लाट आकार न बदलता सरकते असं धरलं की तेच शेजारी त+१ आणि त−१ होतात, आणि क म्हणजे लाटेच्या वेगाचा व्यस्त.

आता तुमचं काम. गणितज्ञ कॅप्लान आणि यॉर्क यांची डिले समीकरणांसाठीची १९७४ ची युक्ती इथेही चालते. क्ष(त+२) = −क्ष(त) धरा. मग क्ष(त+१) म्हणजे −क्ष(त−१), ॲडव्हान्स गेला. क्ष(त−१) ला य म्हणा: क्ष′ = −२क·फ(य), य′ = २क·फ(क्ष). डिले-ॲडव्हान्स नसलेली साधी समीकरणं, त्यांच्या उकली म्हणजे बंद वक्र. त्यातला आवर्तकाल ४ असलेला उचला. फ′(०) = १ असेल तर अशा आवर्ती उकलींची शाखा शून्य उकलीपासून क = पाय (π)/४ ला फुटते. फ(क्ष) = क्ष − क्ष³ घेतलं तर ती पाय/४ च्या पुढे जाते.

हो, एक राहिलं. यात फक्त ही सममिती असलेल्या उकली मिळतात. शिवाय हे समीकरण काळ उलटवला तरी तेच राहतं, त्यामुळे क बदलला तरी शून्याजवळच्या रेषीय समीकरणाची काल्पनिक मुळं काल्पनिक अक्ष ओलांडतच नाहीत, अक्षावरच सरकतात. पुस्तकातलं हॉफ प्रमेय (मुळं अक्ष ओलांडतात तिथे आवर्ती उकली जन्मतात, असं सांगणारं) जसंच्या तसं लावू नका. सममिती नसेल तर एका आवर्तनावर सीमामूल्य प्रश्न म्हणून (दोन्ही टोकं जुळली पाहिजेत अशी अट घालून) सोडवा, आणि रुस्तिकिनींचं १९८९ चं मिश्र प्रकारावरचं (डिले आणि ॲडव्हान्स दोन्ही असलेल्या समीकरणांवरचं) काम बघा.

सेमिनार द्यायचा असेल तर फळ्यावर आधी माळ काढा. मी आधी समीकरण लिहिलं, तिथेच पंचांग निघालं.