कोल्हापुरात एम.ए. राज्यशास्त्र करून प्राध्यापक आणि लेखक, दोन्ही होता येईल का?

नक्की येईल, फक्त नोकरी आणि लेखन यांचा वेग वेगळा असतो हे धरून चला.

सहाय्यक प्राध्यापक पदासाठी एम.ए.ला किमान 55 टक्के (राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत) आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा लागते. पीएच.डी. पुढच्या पदांना लागतेच, म्हणून विषय लवकर ठरवा. कायम जागा निघेपर्यंत बरेच जण तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवतात. पगार तुटपुंजा असतो, त्यामुळे घरी आधीच बोलून ठेवा.

लेखनाच्या बाबतीत मात्र कोल्हापूरकर नशीबवान. 26 जुलै 1902 चा शाहू महाराजांचा 50 टक्के राखीव जागांचा हुकूम, संस्थानी प्रजेच्या हक्कांसाठीची प्रजा परिषदेची चळवळ, 1 मार्च 1949 चं कोल्हापूर संस्थानाचं मुंबई प्रांतातलं विलीनीकरण, शिवाय साखर कारखान्यांचं राजकारण, सगळं हाताशी आहे. इथल्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातली दफ्तरं आहेत. ती वाचण्यासाठी जुनी मोडी लिपी शिकाच! मोडी वाचणारा राज्यशास्त्राचा विद्यार्थी दुर्मीळ, आणि त्याला दुसऱ्याच्या पुस्तकावर विसंबावं लागत नाही.

पहिलं पुस्तक प्रबंधाचीच छापील प्रत करू नका. त्यातलं एक प्रकरण निवडा, करवीर नगर वाचन मंदिरात येणाऱ्या सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत नव्यानं लिहा आणि आधी एखाद्या मासिकाकडे पाठवा.