सेडानची किंमत : घासाघीस कुठे करावी?

प्रश्न : मध्यम आकाराची नवी सेडान घ्यायची आहे. विक्रेता म्हणतो, एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते, त्यामुळे कमी होणार नाही. मग बोलणी कशावर करावीत? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : प्रथम ऑन-रोड किमतीचा, म्हणजे एक्स-शोरूम किमतीत मोटार वाहन कर, विमा आदी मिळवून होणाऱ्या एकूण रकमेचा, कलमवार तपशील लेखी मागावा. मोटार वाहन कर आणि १० लाखांवरील गाडीला लागणारा १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने खरेदीच्या वेळीच वसूल केलेला प्राप्तिकर) यांत सूट मिळत नाही. टीसीएस मात्र प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. खरा वाव विम्यात आहे. शोरूममधूनच विमा घ्यावा अशी कायद्याची सक्ती नाही. म्हणून तेवढ्याच आयडीव्हीचे (विम्यात धरलेल्या गाडीच्या मूल्याचे) आणि तेवढ्याच संरक्षणाचे बाहेरचे दरपत्रक समोर ठेवले, की शोरूमचा आकडा बहुधा खाली येतो. हाताळणी शुल्क हे सरकारी नव्हे, ते नि:संकोच नाकारावे. कोल्हापूर वा साताऱ्याच्या शोरूमचे लेखी दरपत्रकही जवळ असू द्यावे. बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी गाडीच्या उत्पादनाचा महिना अवश्य तपासावा, कारण डिसेंबरात तयार झालेली गाडी जानेवारीत घेतली तरी पुढे विकताना ती एक वर्ष जुनीच धरली जाते, आणि त्यापोटी जादा सवलत मागणे सर्वस्वी रास्त आहे, असे आमचे मत आहे.