शेत नको, पेन्शनर बघा

प्रश्न: ताई नमस्कार, आमच्याकडे दहा महिन्यांपासून बिजली नावाची कारवानी जातीची कुत्री आहे, डॉक्टर म्हणतात तीनेक वर्षांची असेल. सोलापूर रोडला एका ढाब्यामागे सापडली, गळ्यात दोरी रुतलेली, नुसता सापळा (तशी अजूनही सापळाच दिसते म्हणा). घरात अगदी गाय, दिवसभर सोफ्यावर लोळत असते, पण बाहेर दुसरं कुत्रं दिसलं की पिसाळल्यासारखी करते, भुंकणं, उड्या, पट्ट्याला हिसके, माझा खांदा निखळायचा बाकी आहे. काठीवाल्या माणसांवरही जाते, सोसायटीच्या वॉचमनची पँट फाडली, दात लागला नाही नशीब. आता आम्हाला बाळ होणार आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टमध्ये रोज चार कुत्री भेटतात, म्हणून तिला चांगलं घर बघतोय. तीन जण तयार आहेत. एक, इंदापूरजवळ ५ एकर शेत, ते म्हणतात मोकळी सोडू. दोन, इथलंच तरुण जोडपं, त्यांच्याकडे लॅब (लॅब्रॅडोर कुत्रा) आहे, त्याला मैत्रीण हवीय. तीन, साताऱ्याचे निवृत्त शिक्षक, एकटेच, रो हाऊस, पण कुत्रं कधी पाळलेलं नाही. घरचे सगळे म्हणतात शेतच बेस्ट. आणि वॉचमनचं सांगायचं का? सांगितलं तर कोण नेणार तिला?
— एक वाचक, पुणे
ता. क. नसबंदी राहिलीय, पण शेजारचे म्हणतात या जातीला भूल सोसत नाही. खरंय का?

उत्तर: आधी एक विनंती, ‘पिसाळल्यासारखी’ हा शब्द कोणापुढेही काढू नका, आपल्याकडे त्याचा एकच अर्थ होतो आणि लोक वाक्य पूर्ण व्हायच्या आत फोन ठेवतात. बिजली घाबरते. दोरीला बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, मग ते आधीच इतका आरडाओरडा करतं की समोरचाच निघून जावा, आणि समोरचा जातोही, म्हणजे तिच्या दृष्टीने तिचा उपाय दरवेळी लागू पडतो. ओरडून, पट्टा हिसडून ते जाणार नाही, उलट कुत्रं दिसलं की मान दुखते एवढंच ती शिकेल.

आता शेत. हा सल्ला मला दर महिन्याला ऐकू येतो, आणि देणारे सगळे फ्लॅटमध्ये राहणारे असतात. कारवानी, मुधोळ, पश्मी ही सगळी डोळ्यावर चालणारी शिकारी कुत्री, वास घेत बसत नाहीत, लांबवर काहीतरी हललं की सुटली. याच घराण्यातला ग्रेहाउंड ताशी ६०-७० किलोमीटरने पळतो, तेव्हा तुम्ही ‘बिजलीऽऽ’ म्हणेपर्यंत ती तिसऱ्याच्या बांधावर पोचलेली असते, आणि त्या वेळी तिला तुमची हाक खरंच पोचत नाही, तो उर्मटपणा नव्हे. शेतावर काय काय हलतं ते मोजा, शेजाऱ्याच्या कोंबड्या, करडं, मोटरसायकली, गावातली मोकळी कुत्री, ऊस असेल तर बिबट्यासुद्धा. पहिली शेळी मारली की भांडण, दुसरी मारली की कोणीतरी भाकरीत विष घालतं, आणि हे मी भीती घालायला लिहीत नाहीये, बघितलंय. शिवाय मोकळी सोडू म्हणणारे ‘ससा धरते का हो?’ असं तुम्हाला विचारतायत का? तसं असेल तर विषय संपला, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानातला ससा मारणं गुन्हा आहे आणि ही कुत्री ज्या ढाब्यामागे सापडतात तिथे ती बहुतेक शिकारीला निकामी झाली म्हणूनच पोचलेली असतात.

या जातीला एकरभर जागा लागते हा गैरसमज आहे, दिवसातून एखादी मोकळी पळापळ चारी बाजूंनी बंद जागेत मिळाली, दोन वेळा फिरणं झालं, की उरलेला वेळ ती झोपतात. तुम्हीच लिहिलंय की सोफ्यावर लोळते, मग त्या सोफ्याकडे बघून घर शोधा ना!

लॅबवाल्या जोडप्याला मी प्रेमाने नाही म्हणेन. माणसं छान असतील, पण लॅब म्हणजे अंगावर येणारा, गळ्यात पडणारा जीव आणि बिजलीला नेमकं तेच नकोय. ती उद्या चावली तर दोन कुत्र्यांची आयुष्यं बिघडतात. ‘हळूहळू जमेल’ यावर घर देऊ नये, कधीच जमलं नाही तरी चालेल असं म्हणणाऱ्यालाच द्यावं.

राहिले गुरुजी. माझं मत त्यांना. कुत्रं पाळलेलं नाही हे मला उलट बरं वाटतं, ‘आमच्या टायगरला आम्ही असंच सरळ केलं होतं’ हे ऐकावं लागणार नाही. दिवसभर घरी आहेत, ठरलेल्या वेळी उठणार, ठरलेल्या वेळी फिरणार, पाहुणे कमी, बिजलीसाठी असं कंटाळवाणं घर म्हणजे सोनं. फक्त काही गोष्टी आधी बघून या. रो हाऊसची कंपाऊंड भिंत चार फुटी असेल तर ती अशी सहज पार करेल, वर जाळी लावून सहा फुटांपर्यंत न्या. मुख्य दरवाजा थेट रस्त्यावर उघडतो का, सेफ्टी डोअर आहे का, दूधवाला आला की गुरुजी दार सताड उघडं टाकून पैसे आणायला आत जातात का, असल्या बारीकसारीक गोष्टींवर ही कुत्री हरवतात. नातवंडं सुट्टीला येत असतील तर झोपलेल्या बिजलीला हात लावायचा नाही हे पक्कं सांगा, झोपेत दचकून चावणारी या जातीत असतात. आणि साधा पट्टा नकोच, यांचं डोकं मानेपेक्षा निमुळतं, मागे सरकली की पट्टा हातात आणि कुत्री हायवेला. मार्टिंगेल नावाचा पट्टा मिळतो, ओढला की ठरावीकच आवळतो, तो घ्या, जोडीला छातीचा हार्नेस.

वॉचमनचं सांगायचं का? पहिल्या फोनला सांगायचं. काठी होती, संध्याकाळ होती, किती अंतरावर होता, सगळं. तुम्ही लपवलंत तर चौथ्या दिवशी कळणार आणि ती परत येणार, आणि दर परतीला कुत्रं आणखी बिथरतं. गुरुजी ऐकून पळाले तर पळू देत, पण मला वाटतं ते विचारतील, ‘मग काठीचं काय करायचं?’ आणि असं विचारणारा माणूसच तर हवाय तुम्हाला. उत्तर सोपं आहे पण चिवट, लांबून कुत्रं किंवा काठी दिसली, ती अजून भुंकलेली नाही, तेवढ्यात उकडलेल्या चिकनचा तुकडा तोंडात, आणि वळून दुसरीकडे. अंतर महिन्यांच्या हिशोबाने कमी होतं. जाळीचं मुसकं घालायची सवय मात्र तुम्हीच इथे लावून द्या, आत खाऊ ठेवून, सावकाश.

गुरुजींना आधी तीनदा पुण्याला बोलवा, पहिल्यांदा नुसतं बसू द्या, तिसऱ्यांदा पट्टा त्यांच्या हातात. दिवाळीच्या तोंडावर नेऊ नका, फटाक्यांत नवीन घर नको, तुळशीची लग्नं होऊ देत. नंतरचे तीन दिवस ती बावरलेली, तीन आठवड्यांत रुळायला लागेल, तीन महिन्यांनी घर आपलं वाटेल असा एक ढोबळ हिशोब आहे, बिजलीला जास्त लागेल. आणि कागदावर लिहून घ्या की नाही जमलं तर ती तुमच्याकडेच परत येईल, तिसऱ्या कोणाकडे नाही. बाळ झाल्यावर हे अवघड आहे मला कळतंय, तरी लिहा.

भुलीबद्दल शेजारी अर्धं बरोबर आहेत. यांच्या अंगात चरबी जवळपास नसते आणि थायोपेंटोनसारखी जुनी औषधं यांच्या शरीरातून फार हळू उतरतात, ग्रेहाउंडमध्ये हे नीट माहीत झालेलं आहे. पण म्हणून काही नसबंदी टाळायची नाही, डॉक्टरांना आधी जात सांगायची, कुठली भूल देणार ते विचारायचं, त्याच दिवशी वजन करायला लावायचं आणि शुद्धीवर येताना गोधडी घालायची, पटकन गार पडतात. कातडी पातळ असते, टाके लवकर उसवतात, तेव्हा दहा-बारा दिवस उड्या बंद, आणि गुरुजींच्या पहिल्या भेटीची तारीख टाके निघाल्यानंतरचीच द्या.