बाष्पदाब, विद्राव्यता आणि दोन पळापळी

प्रश्न असा आहे : ‘वायूचा बाष्पदाब वाढवला की त्याची विद्राव्यता वाढते’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि ‘वाफ’ असताना ‘बाष्प’ कशाला?

वाक्य चूक आहे, आणि नुसते चूक नाही, उलटे आहे. हल्ली ते इतक्यांदा कानावर येते की लोकांना खरेच वाटू लागले असावे. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते ‘आंशिक दाब’, म्हणजे मिश्रणातल्या एकट्या त्या वायूचा दाब. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडले ते एवढेच, की तापमान कायम असताना द्रवावर वायूचा जितका आंशिक दाब, त्या प्रमाणात तो वायू विरघळतो. हा दाब पंपाने वाढवता येतो. बाष्पदाब तसा वाढवता येत नाही. द्रवाशी समतोलात असलेल्या त्याच्याच बाष्पाचा तो दाब, शुद्ध द्रवाचा गुण. भांड्यात द्रव घोटभर असो की काठोकाठ, तापमान तेच असेल तर बाष्पदाब तोच. आणि जो पदार्थ क्रांतिक तापमानाच्या वर आहे त्याला द्रवरूपच नाही, मग बाष्पदाब कुठला? ऑक्सिजनचे क्रांतिक तापमान सुमारे उणे ११८.६ अंश सेल्सिअस. खोलीतल्या ऑक्सिजनचा ‘बाष्पदाब’ म्हणजे वांझेचा पुत्र.

वाफेचे उत्तर जैन आचार्य हेमचंद्राने बाराव्या शतकात देऊन ठेवले आहे. त्याच्या प्राकृत व्याकरणात ‘बाष्प’ शब्दाला दोन वाटा फुटतात. अर्थ अश्रू असेल तर ‘बाह’, ऊष्मा असेल तर ‘बप्फ’. आपली ‘वाफ’ आणि हिंदीतली ‘भाप’ दुसऱ्या वाटेने आल्या. म्हणजे वाफ जन्मतःच गरम. शास्त्रातले बाष्प थंडगारही असते, बर्फालाही बाष्पदाब असतो. म्हणून ‘वाफदाब’ नको. ‘सोपा मराठी शब्द’ म्हणून त्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी त्या शब्दाचे गोत्र पाहावे.

खरी गंमत मात्र ‘विद्राव्यते’त आहे. धातू ‘द्रु’, म्हणजे धावणे, वाहणे. द्रव, द्रुत, उपद्रव ही सगळी त्याचीच पोरे. (‘विद्रोह’ नव्हे, तो ‘द्रुह्’चा.) गीतेच्या अकराव्या अध्यायात भ्यालेले राक्षस ‘दिशो द्रवन्ति’, दिशादिशांना पळत सुटतात. ‘विद्रावण’ म्हणजे तर सरळ पळवून लावणे. तेव्हा विद्राव्य तो, ज्याची द्रावकात पांगापांग करता येते. हिंदी परिभाषेने ‘विलेयता’ घेतली, ‘ली’ धातूवरून, आणि आपल्याकडेही काहींना ती जास्त शुद्ध वाटते. मला ती मुळीच पटत नाही. ‘ली’त चिकटणे आहे, लय पावणे आहे. विरघळलेला वायू लय कुठे पावतो? बाटलीचे बूच काढा, लगेच कळेल.

आता योगायोग पाहा. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईसने १९०१ साली पदार्थाच्या निसटण्याच्या ओढीला ‘फ्युगॅसिटी’ नाव दिले, लॅटिनमधल्या ‘पळणे’ या क्रियापदावरून. आपली विद्राव्यता द्रवात शिरून पळते, त्याची फ्युगॅसिटी द्रवातून बाहेर पळते. दोन पळापळी बरोबरीच्या झाल्या की समतोल. ‘पलायिता’ असा शब्द आपण केव्हाच करायला हवा होता.

यातूनच मूळ प्रश्न सुटतो. ज्याचा बाष्पदाब मोठा त्याची बाहेर पळण्याची ओढ मोठी, म्हणून तो कमी विरघळतो. २५ अंशांना ब्युटेनचा बाष्पदाब सुमारे २.४ वातावरण (हवेचा नेहमीचा दाब म्हणजे एक वातावरण), प्रोपेनचा सुमारे ९.४. दोघांनाही एक वातावरण आंशिक दाबाखाली हेक्झेन या द्रवात विरघळवले आणि द्रावण आदर्श मानले, म्हणजे सगळे रेणू एकमेकांना सारखेच ओढतात असे धरले, तर आंशिक दाबाला बाष्पदाबाने भागायचे. द्रावणातल्या दर शंभर रेणूंत ब्युटेनचे सुमारे ४२, प्रोपेनचे ११. राऊल्टचा नियम म्हणतो, आंशिक दाब म्हणजे रेणूंतला वाटा गुणिले बाष्पदाब; तो उलट्या बाजूने वाचला, इतकेच. तापवल्यावर बाष्पदाब वाढतो, म्हणून असा वायू निसटू लागतो.

द्रावण आदर्श नसले की हा भागाकार फसतो. कार्बन डायऑक्साइडचा बाष्पदाब २५ अंशांना सुमारे ६४ वातावरण, म्हणजे एक वातावरण आंशिक दाबाखाली दर हजार रेणूंत १६ तरी यावेत. पाण्यात प्रत्यक्षात येतात सुमारे ०.६. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून बसतात, पाहुण्याला जागा देत नाहीत. म्हणून तिथे बाष्पदाबाऐवजी हेन्रीचा मोजलेला स्थिरांकच, म्हणजे आंशिक दाब आणि विरघळलेला वाटा यांचे गुणोत्तर, वापरावा. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड पाण्याशी रासायनिक क्रियाच करतात, त्यांना हेन्रीचा साधा नियम लावू नये.

आणखी एक बाष्पदाब सगळे विसरतात, खुद्द द्रावकाचा. २५ अंशांना पाण्याची बाष्पे ३.१७ किलोपास्कल जागा अडवतात. पाण्यात विरघळणारा हवेतला ऑक्सिजन काढताना २१ टक्के घ्यायचे ते हवेच्या एकूण १०१.३ किलोपास्कल दाबाचे नव्हे, पाण्याचा वाटा वजा करून उरलेल्या ९८.१चे. न वजा केल्यास २५ अंशांना चूक तीन टक्क्यांची, ५० अंशांना बारा टक्क्यांच्या वर. आणि १०० अंशांना पाण्याचाच बाष्पदाब १०१.३ होतो, ऑक्सिजनच्या वाट्याला काही उरत नाही. उकळून पाण्यातली हवा काढतात ती याच हिशेबावर, पण भांडे उघडे ठेवून थंड केलेत तर ती परत आत पळते.