बी.एस्सी. रसायनशास्त्रानंतर कॉस्मेटिक केमिस्ट होण्यासाठी नेमके काय शिकावे लागते?

अमळनेरला बी.एस्सी. रसायनशास्त्र पूर्ण केल्यानंतर कॉस्मेटिक केमिस्ट होण्यासाठी तीन महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा पुरेसा आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळची भुसावळची असून गेली 18 वर्षे क्रीम, लोशन आणि शाम्पू यांची फॉर्म्युलेशन्स तयार करण्याचे काम करते. माझ्या मते अशा डिप्लोमातून क्रीम बनवता येऊ लागते, परंतु बनवलेले क्रीम डबीत वर्ष-दोन वर्षे का टिकते किंवा का बिघडते, याचे ज्ञान तेवढ्यात मिळत नाही. आणि नोकरीवर घेणारा माणूस तुम्हाला नेमके तेच विचारणार आहे.

क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचे इमल्शन, म्हणजे एकमेकांत न विरघळणाऱ्या द्रवांचे एकजीव मिश्रण. हे मिश्रण धरून ठेवणारा पदार्थ, म्हणजे इमल्सिफायर, कोणता आणि किती घ्यावा याचा पहिला अंदाज बांधण्यासाठी आम्ही अजूनही ग्रिफिन यांनी 1949 साली मांडलेली एचएलबी पद्धत वापरतो; तीत इमल्सिफायरची ओढ पाण्याकडे किती आणि तेलाकडे किती हे एका आकड्याने सांगतात (आकडा मोठा, तितकी पाण्याकडे ओढ जास्त). स्पॅन 80 आणि ट्वीन 80 हे दोन नेहमीचे इमल्सिफायर; त्यांची मूल्ये अनुक्रमे 4.3 आणि 15 आहेत. तुमच्या तेलाला 10 मूल्याचे मिश्रण लागत असेल, तर साधारण 53 टक्के ट्वीन आणि 47 टक्के स्पॅन घ्यावे लागते. हे गणित तुम्हाला दहा मिनिटांत जमेल. पुढचा भाग मात्र हातानेच शिकावा लागतो: तेलाचा आणि पाण्याचा भाग वेगवेगळे 70 ते 75 अंशांपर्यंत तापवून एकत्र करणे, ढवळण्याचा वेग सांभाळणे, घाई न करता थंड करणे आणि सुगंध 45 अंशांच्या खाली आल्यावरच घालणे. यांतले एक जरी चुकले, तरी कागदावर अचूक असलेले क्रीम काही आठवड्यांत पाणी सोडते. टिकाऊपणाच्या चाचणीसाठी नमुने सहसा तीन महिने 45 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा त्याच आकड्यापर्यंत जातो, त्यामुळे जी परीक्षा इतरत्र यंत्रात घेतली जाते ती आपल्याकडे दुकानदाराच्या फळीवर आपोआप होते. खानदेशात विकायच्या मालासाठी ही चाचणी मी कधीही आखडती घेत नाही.

माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक परिरक्षकाच्या, म्हणजे जंतू वाढू न देणाऱ्या घटकाच्या, बाबतीत झाली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी केळीच्या खोडाचा रस घालून एक लोशन तयार केले होते. त्यात सोडियम बेंझोएट हे परिरक्षक योग्य प्रमाणात होते, पोत आणि वासही उत्तम होता. तरीही तिसऱ्या आठवड्यात बाटल्यांच्या गळ्याशी काळी बुरशी दिसू लागली आणि संपूर्ण बॅच नष्ट करावी लागली. कारण पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलेच होते. सोडियम बेंझोएटपासून मिळणारे बेंझोइक आम्ल आयनीभवन न झालेल्या रूपातच बुरशीवर परिणाम करते आणि त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचे आयनीभवन होते तो आकडा) 4.2 आहे. लोशनचा पीएच 6.8 होता; त्या पीएचला चारशे रेणूंपैकी जेमतेम एक रेणू त्या उपयोगी रूपात उरतो, तर पीएच 5 ला शंभरापैकी सुमारे 14. लोशनचा पीएच खाली आणला असता किंवा फिनॉक्सिइथेनॉलसारखा पीएचवर फारसा अवलंबून नसलेला परिरक्षक 1 टक्क्याच्या मर्यादेत वापरला असता, तर ती बॅच वाचली असती. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे, मी चॅलेंज टेस्ट केलेली नव्हती. या चाचणीत नमुन्यात मुद्दाम जिवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडून 28 दिवसांपर्यंत त्यांची संख्या किती घटते ते मोजतात. वनस्पतींचे रस, कोरफडीचा गर किंवा मध घातलेल्या उत्पादनात तर तिला पर्याय नाही, कारण आपण जंतूंना खाद्यच पुरवत असतो. ‘नैसर्गिक आहे, म्हणून परिरक्षकाची गरज नाही’ असे शिकवणाऱ्या वर्गाला कृपया पैसे भरू नका. डोळ्यांजवळ लावायच्या वस्तूत जंतू वाढले, तर इजा ग्राहकाला होते.

औपचारिक शिक्षणाविषयी थोडक्यात सांगते. तुमच्यासाठी जवळचा मार्ग म्हणजे जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून एम.एस्सी. करणे, सेंद्रिय आणि विश्लेषणात्मक रसायनशास्त्र दोन्ही उपयोगी आहेत, तरी गुणनियंत्रण विभागात प्रवेश मिळवायचा असेल तर मी विश्लेषणात्मक निवडेन. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीत शेवटच्या सत्रात कॉस्मेटिक सायन्स हा ऐच्छिक विषय असतो आणि त्यासाठी शिरपूरला चांगली सोय आहे. बारावीला असलेली धाकटी भावंडे हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील तेले व सर्फॅक्टंट (साबण-शाम्पूतले फेस आणणारे घटक) यांचा बी.टेक. आणि नागपूरच्या एल.ए.डी. महिला महाविद्यालयातील कॉस्मेटिक टेक्नॉलॉजी हे दोन अभ्यासक्रम थेट या विषयाचे आहेत.

कायद्याची ओळख प्रत्येकाला असावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम 1940 आणि सौंदर्यप्रसाधने नियम 2020 यांनुसार विक्रीसाठी उत्पादन करायचे, तर परवाना लागतो. घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले क्रीम ओळखीतल्या बायकांना विकणेही त्यातून सुटत नाही. आयएस 4707 या मानकात रंगांच्या व इतर घटकांच्या याद्या दिल्या आहेत; त्या वारंवार चाळाव्यात. लेबलवर ‘इसब बरा करते’ असा रोगनिवारणाचा दावा केला, की तीच वस्तू औषधाच्या कक्षेत जाते.

प्रवेश किंवा नोकरी मिळेपर्यंत 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि एक साधा पीएच मीटर घ्या. प्रत्येक घटक चमच्याने न मोजता वजनाने, टक्केवारीत लिहा. एका साध्या लोशनचे तीन नमुने करून एक फ्रिजमध्ये, एक खोलीत आणि एक पत्र्याखालच्या उष्ण जागेत ठेवा, आणि पहिल्या, सातव्या, तिसाव्या व नव्वदाव्या दिवशी पीएच, रंग, वास आणि पोत यांची नोंद करा. फसलेले नमुनेही खोडून टाकू नका, कारणासह लिहा. मी नव्या मुलांच्या मुलाखती घेते, तेव्हा प्रमाणपत्रांच्या आधी अशी वही मागते; तुम्ही जिथे जाल तिथे ती बरोबर न्या.